झोजिला बंद झाल्यावर

एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत शिरलं की ती आधी नाकाला कळते, डोळ्यांना नंतर. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग, मसाला कुटणाऱ्या यंत्रांची धडधड आणि वर्षभराचा मसाला करून न्यायला आलेली गर्दी. गिरगाव-परळच्या कित्येक घरांत पावसाळ्याआधीची ही बेगमी अजून होते. मसाला, पापड, कोकम, सुकी मासळी, जे पुढे मिळणार नाही किंवा नीट टिकणार नाही ते आधी भरून ठेवायचं. लडाखमध्ये भारतीय लष्कर दरवर्षी हेच करतं, फक्त तिथला बंदीचा हंगाम हिवाळ्याचा आणि कुटुंब हजारो जवानांचं. मे ते ऑक्टोबर श्रीनगर आणि मनालीहून ट्रक आणि टँकरच्या रांगा चढत राहतात. पीठ, तांदूळ, डाळी, रॉकेल, डिझेल, दारूगोळा, औषधं, पत्रे, सिमेंट. लष्करात याला ‘अॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग’ म्हणतात. मग हिवाळ्यात खिंडी मिटल्या की लडाखकडे जायला विमानाशिवाय फारशी वाट उरत नाही.

गंमत अशी, की ज्या तळासाठी हा खटाटोप चालतो त्या लेहच्या धावपट्टीवर बर्फ फारसा पडतच नाही. लेह हे थंड वाळवंट. पाऊस आणि बर्फ मिळून तिथे वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पडतं. हिंदमाताच्या चौकात जुलैतल्या एखाद्या सकाळी तेवढं पडून जातं. बर्फ आडवा येतो तो वाटेत. श्रीनगर-लेह हा ४३४ किलोमीटरचा रस्ता झोजिला या साडेतीन हजार मीटर उंचीच्या खिंडीतून जातो. काश्मीरकडून येणारे ओले ढग ती अंगावर घेते आणि हिमकडे कोसळून रस्ता गाडला जातो. मनालीकडचा रस्ता तर याहून उंच खिंडींतून जातो. त्यामुळे बर्फाने वेढलेला तळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र धावपट्टी येत असली, तरी लेहची पट्टी बहुतेक दिवस कोरडी ठणठणीत असते. कोंडलेलं असतं ते तिच्याभोवतीचं सगळं.

काश्मीर खोऱ्यातल्या श्रीनगर आणि अवंतीपूर तळांची कथा वेगळी. तिथे खरोखरच थर साचतात आणि पहाटे धावपट्टी मोकळी करणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. धावपट्टीवर तसं करून चालत नाही, कारण मिठाने विमानाचा धातू गंजतो. म्हणून आधी यंत्रांनी बर्फ ढकलायचा आणि मीठ सोडून इतर रसायनं वापरायची. पंखांवर बसलेला बर्फाचा पातळ पापुद्राही काढावाच लागतो. तो वजनाने क्षुल्लक असला तरी पंखाचा पृष्ठभाग खडबडीत करतो, हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान उचलणारा जोर घटतो.

आता जरा हिशेब मांडू. समजा, दहा हजार माणसं हिवाळाभर पोसायची आहेत आणि जेवण, शेगडीचं रॉकेल, बारीकसारीक वस्तू मिळून माणशी रोज तीन किलो माल लागतो. म्हणजे दिवसाला ३० टन. यात दारूगोळा नाही, वाहनांचं डिझेल नाही, एकही खिळा नाही. हवाई दलाचं डोंगराळ भागातलं हक्काचं विमान एएन-३२ एका खेपेत साधारण साडेसहा टन नेतं. रोज पाच खेपा झाल्या. हवामानाने आठवड्यातले तीन दिवस खाल्ले तर उरलेल्या चार दिवसांत रोज आठ-नऊ खेपा कराव्या लागतील, आणि तेही एकही विमान दुरुस्तीला न जाता. आकडे कल्पनेतले असले तरी त्यांचा स्वभाव खरा आहे. विमानाने तळ जगवता येतो, पण उन्हाळ्यात कोठारं भरलेली असतील तरच. शौर्यकथा वैमानिकाच्या लिहिल्या जातात, आणि लिहिल्या जाव्यातही. पण हिवाळा निभतो तो ऑगस्टमध्ये पोत्यांची मोजदाद करणाऱ्या हवालदारामुळे.

ही मोजदाद चुकली की काय होतं, ते स्टालिनग्राडला दिसलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनीची सहावी सेना वेढली गेली आणि विमानांनी तिला पोसू, अशी हमी हवाई दलप्रमुख गोअरिंगने हिटलरला दिली. आधीच्याच हिवाळ्यात देम्यान्स्कला वेढलेलं जर्मन सैन्य विमानांच्या जोरावर तगलं होतं. त्या यशाने सगळ्यांना भुलवलं. स्टालिनग्राडला जगण्यापुरतेच दिवसाला ३०० टन हवे होते. सरासरी पोचले शंभरेक. इंजिनं थंडीने गोठायची, तळावर तोफगोळे पडायचे, धुक्यात विमानं हरवायची. १६ जानेवारी १९४३ ला पिटोमनिकचा मुख्य तळ रशियनांनी घेतला आणि २ फेब्रुवारीला सगळा खेळ आटोपला.

याच्या उलट उदाहरण बर्लिनचं. २४ जून १९४८ ला सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे जमिनीवरचे रस्ते तोडले, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनने शहराला हवेतून माल पुरवायला सुरुवात केली. पावणेतीन लाखांहून अधिक उड्डाणं, २३ लाख टन माल, आणि त्यातला दोन-तृतीयांश माल काय होता? कोळसा. हिवाळ्यात माणसाला अन्नाइतकीच ऊब लागते आणि ऊब फार जड असते, हे तिथल्या नियोजकांना उमगलं होतं.

बर्लिनच्या बरोबर एक महिना आधी, २४ मे १९४८ ला, लेहला एक डकोटा विमान उतरलं. चालवत होते एअर कमोडोर मेहर सिंग. बरोबर होते मेजर जनरल थिमय्या. काश्मीरच्या लढाईत टोळीवाले आणि पाकिस्तानी सैनिक लेहच्या दिशेने सरकत होते. शहर वाचवायला त्याआधीच्या हिवाळ्यात डोग्रा पलटणीची एक छोटी तुकडी मेजर पृथी चंद यांच्या नेतृत्वाखाली बर्फाने भरलेली झोजिला पायी ओलांडून गेली होती. लडाखी अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक माणसांच्या हातांनी सिंधूकाठच्या वाळूत धावपट्टी तयार केली होती. डकोटात हवेचा दाब राखायची सोय नव्हती, मार्गदर्शक रडार नव्हतं, आणि वाटेतले डोंगर विमानाच्या कमाल उंचीच्या आसपास पोचणारे. बर्लिनला पक्क्या धावपट्ट्या होत्या, रडार होतं, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक होतं. लेहला होती मोकळी वाळू. पण त्या एका फेरीने वाट खुली झाली आणि पाठोपाठ गुरखा जवान उतरू लागले. झोजिला १ नोव्हेंबर १९४८ ला स्टुअर्ट रणगाडे वर चढवून जिंकण्यात आली, तोवर लेहचं नातं जगाशी टिकलं ते डकोटांमुळे.

काश्मीरच्या त्या हवाई मोहिमेत एक मुंबईकरही होता. १९२० साली मुंबईत जन्मलेले हृषिकेश मुळगावकर यांना त्यातल्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळालं. पुढे १९७६ ते १९७८ ते हवाई दलप्रमुख होते.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटरवर. तिथे हवेचा दाब मुंबईच्या दोन-तृतीयांशाच्या जरा वर असतो. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा श्वास अपुरा पडतो, पंखांना आधार कमी मिळतो, आणि विमानाला उडायला जास्त लांब धावावं लागतं. इथे हिवाळा वैमानिकाच्या बाजूने उभा राहतो. थंड हवा घट्ट असते. उणे १० अंशांच्या सकाळी लेहची हवा २५ अंशांच्या उन्हाळी दुपारपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी दाट भरते, म्हणजे त्याच विमानाला त्याच पट्टीवरून जास्त वजन उचलता येतं. ज्या थंडीने खालची माणसं कुडकुडतात तीच वरच्या विमानाला हात देते.

यातून आणखी एक उलटी गोष्ट निघते. लेहला माल नेणं एकवेळ सोपं, लेहहून तो आणणं कठीण. भरलेलं विमान खाली उतरू शकतं. पण तितक्याच वजनाने विरळ हवेतून वर उठणं त्याला झेपेलच असं नाही. त्यात दरीमुळे उतरणं एका दिशेने आणि उडणं उलट्या दिशेने. वाऱ्याच्या मर्जीप्रमाणे धावपट्टीची बाजू बदलायची मुभा इथे नाही. दुपार झाली की ऊन खाल्लेल्या डोंगरउतारांवरून वारे उठतात आणि दरीत हवा उसळू लागते. म्हणून चंदीगडच्या तळावरून लेहला जाणारी विमानं पहाटेच निघतात. अंतर साधारण ४०० किलोमीटर, तासाभराचा प्रवास, पण मध्ये पीर पंजाल, मुख्य हिमालय आणि झंस्कर अशा एकामागोमाग एक रांगा. उतरल्यावर बऱ्याचदा इंजिन चालूच ठेवून माल खाली करतात. बंद केलेलं इंजिन कडाक्याच्या थंडीत पुन्हा कुरकुरलं तर विमान तिथेच रात्र काढणार, आणि रात्रीत तेल घट्ट होणार, बॅटरी ढेपाळणार, रबरी सील आकसून गळायला लागणार.

हवामान फिरलं की मागे वळणं हाच नियम, पण मागे वळतानाही घात होतो. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून १०२ माणसं घेऊन लेहला निघालेलं एएन-१२ खराब हवेमुळे परत फिरलं आणि रोहतांगच्या बाजूला नाहीसं झालं. सुट्टी संपवून कामावर निघालेले जवान होते त्यात. २००३ मध्ये गिर्यारोहकांना ढाका हिमनदीवर त्याचे अवशेष सापडले. हिमनदी सरकते तसे देह हळूहळू बाहेर येतात. २०२४ च्या शरदातही चार मिळाले, छप्पन्न वर्षांनी.

१९६२ चं वर्ष या इतिहासात पुन्हा पुन्हा येतं. त्या जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डीला, सोळा हजार फुटांहून उंच मैदानावर, पॅकेट विमान उतरवलं. पॅकेट हे दोन इंजिनांचं अमेरिकी मालवाहू विमान. या उंचीवर त्याचं काही चालेना, म्हणून भारताने त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवून घेतलं होतं. ऑक्टोबरात चीनचा हल्ला सुरू असताना एएन-१२ विमानांतून सहा एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला उतरवले गेले. वजन राखायला विमानात इंधन मोजून-मापून भरलेलं. त्या हिवाळ्यात देशभरच्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, मुंबईतल्याही. लोकर हलकी, ती पोचवता येत होती. माणसं पोचवताना वेगळंच संकट समोर आलं. मैदानातून थेट विमानाने उंचावर आणलेल्या धडधाकट जवानांच्या फुप्फुसात दोन-तीन दिवसांत पाणी भरू लागलं. लष्कराच्या डॉक्टरांनी अशा शेकडो रुग्णांचा अभ्यास केला आणि हा आजार जगाच्या वैद्यकीय साहित्यात नीट नोंदला गेला. आज लेहला उतरलेल्या जवानाला पहिले सहा दिवस तिथेच विरळ हवेला सरावावं लागतं, आणि पुढच्या प्रत्येक उंचीवर आणखी चार. विमान तासात पोचवतं. शरीर आठवडा मागतं.

लेहच्या पुढे नुब्रा खोऱ्यात थॉइसचा हवाई तळ. इथून सियाचिनचा कारभार चालतो. १३ एप्रिल १९८४ ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं, तेव्हापासून वरच्या चौक्यांचा हिवाळा हेलिकॉप्टरवर आणि हवेतून टाकलेल्या गठ्ठ्यांवर जातो. एएन-३२ मधून छत्रीला बांधलेले गठ्ठे बर्फावर सोडतात. काही नेमक्या जागी पडतात, काही भेगांत जातात. छत्री महाग पडते हे दुखणं जुनंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर रेशमी छत्र्या पुरेनात, तेव्हा जनरल स्लिम यांनी कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करून घेतल्या होत्या. माणसाला त्या चालल्या नसत्या, पिठाच्या पोत्याला चालल्या.

सर्वांत वरच्या चौक्यांना मात्र चीता हेलिकॉप्टरच हवं. फ्रान्सच्या ‘लामा’ची ही भारतीय आवृत्ती, त्याच लामाने १९७२ मध्ये १२ हजार मीटरहून उंच उडून हेलिकॉप्टरचा विक्रम केला होता. तरीही वीस हजार फुटांच्या पलीकडे चीता एका खेपेला वीस-पंचवीस किलोच नेऊ शकतं. म्हणजे रॉकेलचा एक जेरीकॅन. वैमानिक बर्फावर ठोकलेल्या इवल्याशा चौकोनावर येतो, चाकांऐवजी असलेले दांडे जेमतेम टेकतात, पंखा फिरतच राहतो. जवान वाकून धावत येतो, कॅन ओढून घेतो, पत्रांचं बंडल आत सरकवतो, आणि काही सेकंदांत हेलिकॉप्टर पुन्हा दरीत झेपावतं. त्या एका कॅनवर बुखारी नावाची शेगडी पेटते, बर्फ वितळवून पाणी होतं, भात शिजतो. ते रॉकेल चंदीगडहून तिथवर जाताना किती विमानांच्या, ट्रकांच्या पोटातलं इंधन जाळून जातं, याचा हिशेब कोणी सियाचिनच्या चौकीवर करत बसत नसेल. करायला हरकत मात्र नाही.

या सगळ्या व्यवस्थेची अलीकडची मोठी परीक्षा २०२०-२१ च्या हिवाळ्यात झाली. १५ जून २०२० च्या गलवानच्या झटापटीनंतर पूर्व लडाखमध्ये नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सैन्य उभं राहिलं, आणि ते हिवाळाभर तिथे ठेवायचं ठरलं. नेहमीची बेगमी त्यासाठी पुरणारी नव्हती. लष्करप्रमुख होते पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत शिकलेले जनरल मनोज नरवणे. लडाख ज्याच्या अखत्यारीत येतो त्या हवाई दलाच्या पश्चिम विभागाची धुरा ऑगस्ट २०२० मध्ये एअर मार्शल विवेक राम चौधरी यांच्याकडे आली. ते नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे, पुढे हवाई दलप्रमुख झाले. गलवाननंतरच्या या धावपळीत हवाई दलाने ६८ हजारांहून अधिक जवान, सुमारे ९० रणगाडे आणि ३३० च्या आसपास बीएमपी चिलखती गाड्या लडाखला नेल्या. एकूण माल सुमारे ९ हजार टन, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. ७० टनांहून अधिक भार उचलणारं सी-१७, त्याखालोखाल आयएल-७६, मग सी-१३०जे, चिनूक हेलिकॉप्टर, एएन-३२. १९४८ च्या डकोटात तीन टनही मुश्किलीने मावायचे.

रणगाड्यांच्या बातम्या होतात. रोजच्या विमानातलं सामान साधं असतं: कोबी, टोमॅटो, अंडी, औषधं, सुटे भाग, टपाल. गोठलेला टोमॅटो वितळला की लगदा होतो, म्हणून ताजी भाजी पहाटेच्या विमानातून उतरली की ती उघड्यावर ठेवून चालत नाही. पूर्वी जिवंत मेंढ्यासुद्धा विमानाने जायच्या. आणि टपाल. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांना ‘५६ एपीओ’ हा पत्ता पाठ आहे. गिरगावातल्या पोस्टातून निघालेलं दिवाळीच्या फराळाचं पार्सल आधी दिल्लीच्या लष्करी टपाल केंद्रात जातं, तिथे युनिटच्या नावावरून छाटलं जातं आणि मग विमानात जागा मिळेल तसं पुढे सरकतं. चिवडा हलका म्हणून लवकर जातो असं नाही. दारूगोळ्याची निकड असेल त्या दिवशी चकल्या चंदीगडला मुक्काम करतात. तळावरच्या लोकांखेरीज साध्या नागरिकांनाही हीच विमानं उपयोगी पडतात. कारगिल आणि जम्मू-श्रीनगर यांच्यामध्ये हिवाळ्यात हवाई दलाचं एएन-३२ ‘कारगिल कूरियर’ म्हणून अडकलेले विद्यार्थी, रुग्ण आणि प्रवासी नेतं.

अलीकडे जोर आहे तो थंडीत न अडणाऱ्या सामानावर आणि मुळात न्यावं लागणारं ओझं कमी करण्यावर. साधं डिझेल लडाखच्या थंडीत घट्ट होऊन गाड्या बंद पडायच्या. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल बाजारात आणलं. त्याच वर्षी, ऑक्टोबरात, सियाचिनच्या रुग्णालयात प्राणवायू तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. पुढाकार होता पुण्याच्या सुमेधा आणि योगेश चिथडे या दांपत्याचा. सुमेधाताईंनी स्वतःचे दागिने मोडून सुरुवात केली आणि मग लोकांकडून पैसे जमवले. त्याआधी प्राणवायूचे सिलिंडर चंदीगडहून वर चढवावे लागायचे. लोखंडाचा सिलिंडर भरलेला काय आणि रिकामा काय, वजनात फरक थोडाच. म्हणजे वर जाताना विमान बहुतांशी लोखंडच वाहत होतं, आणि रिकामं झाल्यावर तेच लोखंड परत आणत होतं.

रस्त्याची बाजूही बदलते आहे. पूर्वी पाच-सहा महिने बंद राहणारी झोजिला सीमा रस्ते संघटनेने बर्फ उपसून २०२५ मध्ये अवघ्या ३२ दिवसांत पुन्हा उघडली. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला; झोजिलाखालच्या सुमारे १३ किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की श्रीनगरहून लेहला बारमाही ट्रक जाऊ लागतील आणि कोबी-टोमॅटो विमानाने नेण्याची गरज बरीच कमी होईल. सुट्टीवरच्या जवानाला चंदीगडच्या तळावर हवामान निवळण्याची वाट पाहत चार-चार दिवस काढावे लागणार नाहीत. थॉइसच्या वरच्या चौक्यांना मात्र या बोगद्याचा उपयोग नाही. तिथे रॉकेलचा कॅन पुढेही हेलिकॉप्टरनेच जाईल, आणि थकलेल्या चीत्याची जागा घ्यायला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने हलकं हेलिकॉप्टर तयार केलं आहे.